मॉरिशस : डोंगर आधी, समुद्र नंतर

मॉरिशस हे बेट आकाराने आपल्या रायगड जिल्ह्याच्या साधारण पाव भाग. उत्तर-दक्षिण पासष्ट किलोमीटर, पूर्व-पश्चिम पंचेचाळीस. त्यामुळे ‘एका दिवसात नैऋत्य, एका दिवसात उत्तर’ ही तिथली ठरलेली विभागणी ऐकायला सोपी वाटते. ठिकाणे खरोखरच जवळजवळ आहेत. दिवस बिघडतो तो क्रमामुळे. समुद्राकाठचे हॉटेल सोडायला उशीर होतो, वाटेत दोन दुकाने ‘फक्त पाच मिनिटांसाठी’ दाखवली जातात, आणि डोंगरावर पोचेपर्यंत ढग उतरलेले असतात. मग दरीच्या कठड्याला टेकून पांढऱ्या भिंतीचे फोटो काढायचे.

कारण साधे आहे. सह्याद्रीत नैऋत्य मोसमी वारा जे करतो, तेच इथे आग्नेय व्यापारी वारा करतो. समुद्रावरची ओली हवा मधल्या पठारावर चढते, थंड होते, ढग धरते. पठाराच्या पलीकडचा पश्चिम किनारा पर्जन्यछायेत असल्यामुळे कोरडा, उन्हाचा. सकाळी पठार त्यातल्या त्यात मोकळे असते. ऊन चढले की अकराच्या सुमारास ढग जमायला लागतात. पश्चिम किनाऱ्यावर मात्र संध्याकाळपर्यंत लख्ख. म्हणून डोंगर आधी, समुद्र नंतर.

पहिला दिवस : नैऋत्य

मुक्काम पश्चिमेला फ्लिक-आं-फ्लाकला असेल तर साडेसातला निघावे. उत्तरेला ग्रां बेला असेल तर पावणेसात, कारण वाटेत पोर्ट लुईची सकाळची रहदारी लागते. मोठ्या बसची सामायिक सहल स्वस्त पडते, पण तिचा क्रम तुमच्या हातात नसतो. चौघे असाल तर गाडी आणि चालक-गाईड घेणेच बरे. हे दिवस बहुधा आठ तासांचे धरलेले असतात, वरच्या तासाचे पैसे वेगळे. आरक्षण करतानाच तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: शामारेलच्या सप्तरंगी मातीचे तिकीट धरले आहे का, जेवण कुठे, आणि दुकाने किती. दुकाने नको असतील तर तेव्हाच सांगावे. गाडीत बसल्यावर सांगितले तर दोघांचेही तोंड कडू होते. जहाजांच्या लाकडी प्रतिकृती बनवण्याची कार्यशाळा तेवढी पंधरा मिनिटे पाहण्यासारखी असते. तिथे कारागीर सुईएवढ्या डोलकाठीला दोरे बांधताना दिसतात. हिरे आणि स्वेटर यांच्यासाठी सहा तास विमानात बसून येण्याची गरज नाही.

पहिला थांबा क्युरपीप. समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर, किनाऱ्यापेक्षा चार-पाच अंशांनी थंड. इथे दोनच ऋतू असावेत असे वाटते, एक पावसाचा आणि दुसरा जास्त पावसाचा. अर्ध्या चड्डीत आलेली मंडळी इथेच कुडकुडतात. हलके जाकीट हवेच. गावाच्या मधोमध ट्रू-ओ-सेर्फ हे निद्रिस्त ज्वालामुखीचे विवर आहे. सुमारे ८० मीटर खोल, आत दाट झाडी, तळाशी चिखलपाणी. काठावरून गोल रस्ता आहे, पायी फेरी वीस मिनिटांत होते. विवर खरे तर अर्धेच आकर्षण. काठावरून रांपार आणि त्र्वा मामेल हे डोंगर दिसतात, आणि ते पाहिले की बेटाची घडण समजते: मूळच्या मोठ्या ज्वालामुखीची कड झिजून उरलेले हे सुळके आहेत. धुके असेल तर दहा मिनिटे थांबावे, जास्त नाही. पुढचे महत्त्वाचे.

क्युरपीपहून गंगा तलाव अर्ध्या तासावर. वाटेत मार-ओ-व्हाकोआ हा बेटाचा सगळ्यात मोठा जलाशय लागतो, मग चहाचे मळे आणि पाइनची रांग. एवढ्यात रस्त्याच्या उजव्या-डाव्या बाजूला, झाडांच्या शेंड्यांवर, अचानक खांदे दिसतात. मंगल महादेवाची १०८ फूट म्हणजे ३३ मीटर उंचीची उभी मूर्ती, २००७ची. बडोद्याच्या सुरसागर तलावातल्या शंकराच्या धर्तीवर ती घडवलेली आहे. समोर तितक्याच उंचीची दुर्गा. गाड्या बहुतेक इथेच थांबतात, फोटो होतात, आणि काही गाईड लोकांना तिथूनच परत फिरवतात. तसे करू देऊ नये. तलाव आणखी पुढे आहे आणि सारे काही तिथेच आहे.

तलावही ज्वालामुखीच्याच विवरातला. जुने फ्रेंच नाव ग्रां बासॅं. गिरमिटिया, म्हणजे भारतातून करारावर आणलेल्या मजुरांच्या बोलीत परी तलाव. ट्रिओले गावातून भक्तांचा पहिला जथा पायी इथे आला तो १८९८ साली. १९७२ मध्ये गोमुखाहून आणलेले गंगाजल यात ओतले गेले आणि नाव गंगा तलाव झाले. काठावर शिवमंदिर, पाण्यात उतरणारा घाट, पाण्यातच उभ्या असलेल्या मूर्ती, पलीकडच्या टेकडीवर हनुमान. त्या टेकडीच्या पायऱ्या जरूर चढाव्यात, दहा मिनिटे लागतात. तलावाचा पूर्ण गोल आकार फक्त तिथूनच दिसतो. घाटावर खाली पाहिले तर पायरीला अगदी लागून जाड मासे आणि काळ्या वामी फिरताना दिसतात. पाण्यात सोडलेल्या प्रसादावर त्या पोसलेल्या आहेत.

चपला बाहेर काढाव्या लागतात आणि फरशी बहुतेक वेळा ओली व गार असते, तेव्हा जाड मोजे बरोबर असावेत. पूजा करायची असेल तर गुरुजी हातावर लाल दोरा बांधतात. दक्षिणा ऐच्छिक, पण सुटी नोट हाताशी ठेवावी. मॉरिशसच्या नोटेवर तमिळ आणि देवनागरीतही किंमत छापलेली असते, मुलांना दाखवावी. सगळ्यात मोठा त्रास माकडांचा. लांब शेपटीची ही माकडे मूळची बेटावरची नाहीत, चारशे वर्षांपूर्वी जहाजांबरोबर आलेली. केळे, नारळ, प्लास्टिकची खुळखुळणारी पिशवी दिसली की ती सरळ हातातून नेतात. प्रसाद बंद झोळीत घालावा आणि गाडीच्या काचा वर कराव्यात.

महाशिवरात्रीच्या आठवड्यात ही सहल ठरवूच नये. लाखो माणसे कावडी घेऊन बेटाच्या सगळ्या कोपऱ्यांतून चालत येतात, रस्ते बंद होतात, गाडी दूरवर अडकते. ती यात्राच पाहायची असेल तर गोष्ट वेगळी. मग यात्रेकरूंबरोबर पायीच निघावे, रस्ताभर मंडपांतून खाऊ-पिऊ घालणारे लोक असतात. वारीची आठवण न येणारा मराठी माणूस विरळा.

तलावापासून पंधरा मिनिटांवर ब्लॅक रिव्हर गॉर्जेसचा कठडा. इथे साडेदहाच्या आत पोचलात तर सकाळ सार्थकी लागली. हे राष्ट्रीय उद्यान १९९४चे, साधारण ६७ चौरस किलोमीटरचे, आणि मूळच्या जंगलाचा उरलासुरला मोठा तुकडा यातच आहे. समोर खोल हिरवी दरी, डाव्या हाताला बेटाचे सर्वोच्च शिखर, ८२८ मीटर. दरीवर लांब शेपटीचा पांढरा पक्षी तरंगताना दिसला तर तो पाय-आं-क्यो, म्हणजे ‘शेपटीत काडी’वाला; देशाच्या विमान कंपनीच्या चिन्हात आहे तोच. मॉरिशसचा केस्ट्रेल हा छोटा ससाणा, १९७४ मध्ये रानात फक्त चार उरले होते. आज तो या दरीत पुन्हा घरटी करतो. तो दिसेलच असे नाही. दिसतील ते लाल पेरू: बोरापेक्षा थोडे मोठे, आंबटगोड, मीठ-मिरची लावून कागदाच्या पुडीत मिळणारे. खावेत, छान लागतात. पण हेच चिनी पेरूचे झाड इथल्या जंगलाचा मोठा शत्रू आहे. त्याच्या दाट बेटाखाली देशी झाडाचे रोप उगवत नाही.

पुढे शामारेल. इथे एक घोळ नेहमी होतो. सप्तरंगी माती शामारेलची. दक्षिणेला दुसऱ्या एका उद्यानात ‘तेवीस रंगांची माती’ आहे, तिथे झिपलाइन वगैरे साहसी खेळ आहेत. ती जागा वेगळी, तिकीट वेगळे. आरक्षणाच्या कागदावर ‘कलर्ड अर्थ’ एवढेच लिहिले असेल तर कोणती, ते विचारावे.

शामारेलच्या फाटकावर तिकीट घेऊन गाडी आत जाते. आधी धबधबा येतो. सुमारे शंभर मीटरची सरळ धार, आणि कड्यावर बसाल्टचे थर एकावर एक रचलेले स्वच्छ दिसतात. वाहनतळाजवळच्या कठड्यावरून बहुतेक लोक परततात. पायऱ्या चढून वरचा सज्जा गाठला तर कुंडापर्यंत पूर्ण धार दिसते. जानेवारी ते एप्रिल पाणी भरपूर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात धार बारीक.

मग माती. लाकडी कुंपणापलीकडे साधारण पाऊण हेक्टरचा उघडा, लाटालाटांचा उतार: विटकरी, तपकिरी, जांभळा, निळसर करडा, पिवळा. फोटोत दिसते तेवढे भडक नाही, हे आधीच सांगितलेले बरे. डोक्यावरच्या उन्हात रंग फिके पडतात, पाऊस पडून गेल्यावर गडद होतात; तेव्हा वाटेत सर लागली तर कुरकुर करू नये. कोकणातल्या माणसाला हे दृश्य परके वाटायचे कारण नाही. उष्ण, भरपूर पावसाच्या हवेत बसाल्ट कुजतो, सिलिका आणि विरघळणारे सारे वाहून जाते, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहतात. आपल्याकडे याच क्रियेतून जांभा झाला. इथे माती दगड न होता भुसभुशीत राहिली आणि लोहाचे लाल-तपकिरी, ॲल्युमिनियमचे निळे-जांभळे असे पट्टे वेगळे पडले. सत्त्व निघून गेल्यामुळे तिच्यात गवतसुद्धा रुजत नाही. कुंपणाजवळ ओणवे होऊन पाहिले तर एकाच मुठीच्या अंतरात दोन रंगांच्या सीमेवर कण सरमिसळ न होता वेगवेगळे बसलेले दिसतात. पूर्वी लोक या उतारावर चालत; आता ते बंद आहे. पलीकडच्या वाड्यात अल्डाब्राची महाकाय कासवे आहेत, लहान मुले तिथून हलत नाहीत. सगळे मिळून दीड तास. उपाहारगृहात गावातच पिकलेली कॉफी मिळते, ती घ्यावी.

शेजारीच रमची भट्टी आहे. मळीऐवजी थेट उसाच्या ताज्या रसापासून रम काढतात, म्हणून भट्टी ऊसतोडीच्या मोसमातच, साधारण जुलै ते डिसेंबर, चालू असते. इतर महिन्यांत थंड पडलेली तांब्याची भांडी पाहून चव घ्यायची एवढेच.

जेवण शामारेलमध्येच. हरीण, रानडुक्कर, पाममधल्या कोवळ्या गाभ्याचे सॅलड ही इथली ख्याती. शाकाहाऱ्यांनी सकाळीच फोन करायला लावावा. नुसते ‘व्हेज’ म्हटले तर उकडलेल्या भाज्या येतात. ‘भात, लांती, ब्रेद, सातिनी’ म्हणावे: भात, मसुराची आमटी, पालेभाजी, चटणी. ब्रेद मुरुम मिळाली तर सोडू नये, ती शेवग्याच्या पाल्याची.

जेवणानंतर लगेच उताराचे घाटवळण आहे, त्यामुळे ज्यांना गाडी लागते त्यांनी बेताने खावे. खाली उतरले की दुपार निळी होते. ल मोर्नचा ५५६ मीटरचा कडा समुद्रात घुसलेला, पायाशी खाजण, पलीकडे प्रवाळाच्या भिंतीवर फुटणारी पांढरी रेघ. किनाऱ्यावर सुरूची बने आहेत. आपल्या किहीम-काशिदसारखीच, फक्त वाळू पांढरी. पोहायला जागा उत्तम, पण पायात पाण्यातले बूट हवेत. दगडमासा वाळूत दगडासारखाच पडून असतो आणि त्याचा काटा भयंकर विषारी. प्रवाळातल्या खिंडीकडे मुळीच जाऊ नये, खाजणातले सारे पाणी तिथूनच बाहेर ओढले जाते. आणि प्रसिद्ध ‘पाण्याखालचा धबधबा’ किनाऱ्यावरून दिसत नाही. तो मुळात धबधबा नाहीच. उथळ कट्ट्यावरची वाळू खोल पाण्यात घसरते तिचा दृष्टिभ्रम आहे, आणि तो फक्त हेलिकॉप्टर किंवा छोट्या विमानातून दिसतो. गाडीवाला ‘दाखवतो’ म्हणाला तर हसून सोडून द्यावे.

सूर्यास्त जूनमध्ये पावणेसहाला, जानेवारीत सातच्या आसपास. संध्याकाळी सेगा हा बेटावरचा नाच असेल तर वाद्ये लावताना लवकर जाऊन बसावे. राव्हान हे बकऱ्याच्या कातड्याचे मोठे, सपाट डफासारखे वाद्य. नाचाआधी ते शेकोटीवर धरून तापवतात, तेव्हा कातडे ताणले जाते. आपल्याकडे हलगी शेकतात तसेच. हॉटेलातल्या सेग्यात ही शेकोटी पुष्कळदा नसते, आणि मग आवाजही बद्द.

दुसरा दिवस : उत्तर

हा दिवस रविवारी ठेवू नये. राजधानी बंद असते. नऊला पोर्ट लुईचा आप्रवासी घाट. १८३४ ते १९२० या काळात सुमारे साडेचार लाख गिरमिटिया मजूर या बंदरात उतरले. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई अशा तिन्ही बंदरांतून जहाजे येत, आणि मुंबईच्या जहाजांत रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा या भागांतली माणसे होती. २००६ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे, प्रवेश विनामूल्य. आधी शेजारचे माहितीदालन पाहावे आणि मग घाट, कारण उघड्यावर उरले आहे ते थोडेच: फाटक, रुग्णालयाच्या खोल्या, स्वयंपाकघराचा पाया, आणि बंदरावरून वर येणाऱ्या काही दगडी पायऱ्या. माहिती नसेल तर लोक पाच मिनिटांत बाहेर पडतात.

इथला मराठी समाज संख्येने छोटा, पण ठसठशीत आहे. आंरिएता गावात १८९६ मध्ये भिवाजी कुटुंबाने गणपती बसवला, तिथून गणेशोत्सव पसरला. आज गणेश चतुर्थीची देशभर सार्वजनिक सुट्टी असते. कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ म्हणून नाचली जाते. पश्चिमेचे कास्काव्हेल हे गाव मराठी मंडळींचे जुने ठाणे. भाद्रपदात तिथे असाल तर दुपार त्या बाजूला ठेवावी.

घाटावरून पायी मध्यवर्ती बाजार. इथे ‘धोल पुरी’ खायची. चणाडाळ हळद घालून शिजवून, कोरडी भरड करून मैद्याच्या पारीत भरतात आणि कागदासारखी लाटतात. गूळ नसलेली पुरणपोळीच म्हणा. मागितली की जोडीने येते, ‘एन् पेर’. आत वालासारख्या पांढऱ्या दाण्यांची उसळ, टोमॅटोचे रुगाय आणि चटणी, वर गुंडाळी. ‘पिमां’ विचारतील, ती मिरची. पहिल्यांदा थोडीच घ्यावी. वर आलुदा, म्हणजे सब्जा घातलेले थंडगार दूध. उभ्याने, अकराच्या आत. दुपारी रांग लांबते आणि पोळी कोरडी पडते.

ब्लू पेनी संग्रहालयात १८४७ची दोन टपाल तिकिटे आहेत. प्रकाशाने शाई उडू नये म्हणून मूळ तिकिटांवर तासाभरात काही मिनिटेच दिवा लावतात, एरवी प्रतिकृती दिसते. वेळ दारावर विचारून मगच तिकीट काढावे.

दुपारी पांपलमूसची बाग. फाटकावर अधिकृत वाटाडे माणशी दराने मिळतात, आणि इथे मात्र वाटाड्या घ्यावाच: झाडांवर पाट्या कमी, आणि तो पान चुरगाळून हातात देतो तेव्हा दालचिनी, कापूर, लवंग ओळखायचा खेळ होतो. महाकाय कमळांचे फूल पहिल्या संध्याकाळी पांढरे उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. तालिपोट ताड अनेक दशकांनी एकदाच फुलतो आणि मरतो. डास फार, पायांना मलम लावून जावे. जवळच्या बंद पडलेल्या साखर कारखान्यातले संग्रहालय चांगले आहे, पण दोन तास हवेत. बाग आणि हे दोन्ही घाईत करण्यापेक्षा एकच निवडावे. साखरपट्ट्यातल्या माणसाने कारखाना निवडावा. शेवटी काप माल्यरोचे लाल छपराचे चर्च. वीस मिनिटे पुरतात.

तिसरा दिवस : ल मोर्नची चढाई

ज्यांचे गुडघे चांगले त्यांनीच. पहाटे निघून फाटक उघडताच सुरुवात करावी. आठनंतर कड्यावर सावली उरत नाही. माणशी दीड-दोन लीटर पाणी, रबरी पकडीचे बूट. पहिला टप्पा रुंद कच्चा रस्ता, पाऊण तासाचा, कोणीही चालेल. मग झेंडा लावलेली एक सपाटी येते, आणि दृश्य म्हणाल तर इथूनही पुरेसे आहे. पुढे खडकाला हात लावून चढायचे, काही ठिकाणी दोर आहेत. रात्री पाऊस झाला असेल तर इथूनच मागे फिरावे. ओला बसाल्ट साबणासारखा होतो, आणि चढताना जमलेली पायरी उतरताना दिसत नाही. वर लोखंडी क्रॉसपाशी वाट संपते. खरा माथा पलीकडे, मधल्या घळीच्या पुढे राहतो आणि तिथे जाता येत नाही. जाऊन-येऊन साडेतीन ते चार तास.

ती घळ म्हणजेच या डोंगराचे संरक्षण होते. मळ्यांतून पळालेले गुलाम या माथ्यावर राहत. १ फेब्रुवारी १८३५ला गुलामगिरी संपल्याची बातमी द्यायला शिपाई वर येऊ लागले, पकडायलाच आलेत असे समजून वरच्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या, असे तिथले लोक सांगतात. ल मोर्न २००८ पासून जागतिक वारसायादीत आहे. उतरल्यावर पायथ्याच्या रस्त्याला, समुद्राच्या बाजूला, गुलामांच्या वाटेचे स्मारक आहे: गवतावर मांडलेली दगडी शिल्पे, मागे तोच कडा. गाड्या तिथून सुसाट निघून जातात, चालकाला आधी सांगून ठेवावे लागते.